घाट चढून येणारा क्षयरोग

मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याला थांबते, मागून जादा इंजिने जोडली जातात आणि सदतीस फुटांमागे एक फूट असा थळ घाटाचा चढ ओलांडून ती इगतपुरीला पोहोचते. १८६५ साली हा लोहमार्ग खुला झाला तेव्हापासून इगतपुरी हे मुंबईचे घाटावरील दार बनले आहे. नाशिक, खानदेश, विदर्भ आणि त्याही पलीकडे उत्तर प्रदेश व बिहार येथील श्रमिक या दारातून मुंबईत उतरतात; काम संपले, सण आला किंवा शरीर थकले की याच दारातून परततात. परतणाऱ्यांत काही खोकणारे असतात. त्यांच्या छातीत कोणत्या जातीचा जंतू आहे, तो कोणत्या औषधाला दाद देतो आणि कोणत्या औषधाला देत नाही, हे ज्या कागदावर नोंदलेले असावयास हवे तो कागद मात्र पुष्कळदा घाटाखालीच राहतो.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाची चर्चा गेली काही वर्षे प्रामुख्याने महानगरांच्या संदर्भात होते. ती योग्यही आहे. परंतु शहरातील क्षयाचा माग शहराच्या हद्दीपर्यंतच काढायचा, ही त्या चर्चेतील मूलभूत उणीव आहे. रोगजंतूला महापालिकेची हद्द ठाऊक नसते आणि ज्या माणसाच्या शरीरात तो राहतो, त्या माणसाला पोटासाठी एका ठिकाणी राहणे परवडत नाही.

रोग्याचा दोष किती?

क्षयाचे कोट्यवधी जंतू फुप्फुसात वाढतात तेव्हा त्यांतील मोजके जंतू एखाद्या औषधाला निसर्गतःच दाद देत नाहीत. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हे मोजके जंतू मोकळ्या रानात वाढतात. १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनच्या पहिल्या पद्धतशीर चाचणीतच हा अनुभव आला. म्हणूनच पुढे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन इत्यादी औषधे एकत्र आणि निदान सहा महिने देण्याची पद्धत रूढ झाली. या दोन प्रमुख औषधांना जो जंतू दाद देत नाही, त्यामुळे होणाऱ्या क्षयाला डॉक्टर ‘एमडीआर’ म्हणतात. त्यापुढची पायरी म्हणजे फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधेही निकामी होणे.

असा क्षय का उद्भवतो, या प्रश्नाचे एक सोपे उत्तर समाजात प्रचलित आहे : रोगी औषधे अर्धवट सोडतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, मजुरी खुणावू लागते आणि गोळ्या बंद होतात. हे खोटे नाही; परंतु ते अपुरे आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धारावीतील सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना क्षयासाठी औषधे लिहून देण्यास सांगितले असता त्यांनी ऐंशी वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहिल्या. सुमारे दोन दशकांनंतर, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत धारावीतीलच १०६ डॉक्टरांपैकी केवळ सहा जणांना योग्य औषधयोजना लिहिता आली. औषध चुकले ते बहुतेक वेळा रोग्याच्या हातात पडण्यापूर्वीच चुकले होते, असा या पाहण्यांचा निष्कर्ष आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१४ ते २०१६ या काळात केंद्र शासनाने औषधप्रतिरोधाची राष्ट्रीय पाहणी केली. पूर्वी उपचार घेतलेल्या रोग्यांत एमडीआर क्षयाचे प्रमाण ११.६० टक्के आढळले, तर प्रथमच आजारी पडलेल्यांत ते २.८४ टक्के होते. दुसरा आकडा लहान दिसतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः खरा इशारा त्यातच आहे. ज्याने आयुष्यात क्षयाची एकही गोळी घेतलेली नाही, त्याने ती अर्धवट सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. औषधांना न जुमानणारा जंतू त्याला कोणाकडून तरी तयार स्वरूपात मिळाला आहे. तो कोठे मिळाला हे शोधणे, म्हणजेच रोगाचा माग काढणे.

मुंबईचा इशारा

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस चार रोग्यांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. उपलब्ध असलेल्या कोणत्याही औषधाला या रोग्यांचा क्षय दाद देत नव्हता. जानेवारी २०१२ मध्ये ही बातमी जगभर गेली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या वर्णनाला आक्षेप घेतला, जागतिक आरोग्य संघटनेनेही ‘संपूर्ण प्रतिरोधी’ ही संज्ञा स्वीकारली नाही. नावावरील हा वाद यथावकाश मागे पडला, परंतु त्या धक्क्याचा एक उपयोग झाला. मे २०१२ मध्ये क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद शासनाला कळविणे खासगी डॉक्टर व रुग्णालये यांच्यावर बंधनकारक झाले आणि ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. २०१८ साली नोंद न करण्याला दंडनीय अपराधाचे स्वरूप देण्यात आले.

तोपर्यंत खासगी क्षेत्रातील रोगी शासनाच्या हिशेबात जवळजवळ नव्हतेच. त्यांची संख्या किती असावी, याचा अंदाज संशोधकांनी एका वेगळ्याच मार्गाने केला. त्यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या क्षयाच्या औषधांचा हिशेब मांडला. त्यावरून २०१४ साली देशात सुमारे २२ लाख रोगी खासगी उपचार घेत असावेत, असा निष्कर्ष निघाला. हा आकडा पूर्वीच्या समजुतीच्या दुपटी-तिपटीचा होता. दवाखान्यांच्या नोंदींनी जे सांगितले नव्हते, ते दुकानदाराच्या विक्रीने सांगितले.

मुंबई आणि तिच्या आसपासचा ग्रामीण भाग यांतील अंतरही लक्षात घेण्यासारखे आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातील नमुन्यांपैकी ५१ टक्के नमुने एमडीआर आढळले, तर मुंबईच्या उत्तरेकडील सकवार या ग्रामीण केंद्रातील नमुन्यांत हे प्रमाण २ टक्के होते. मोठ्या रुग्णालयात चिवट झालेले रोगीच अधिक येतात, त्यामुळे पहिला आकडा संपूर्ण शहराचा मानता येणार नाही. तरीही एकाच प्रदेशातील ही दोन चित्रे एक गोष्ट स्पष्ट करतात. ग्रामीण भागाजवळ त्या वेळी राखण्यासारखे काहीतरी होते. ते राखले गेले किंवा नाही, हे कसारा, इगतपुरी, घोटी अशा वाटेवरच्या गावांतून तपासले गेले पाहिजे.

जंतूची वंशावळ

माग काढण्याचे शास्त्र आता बरेच पुढे गेले आहे. क्षयाच्या जंतूची संपूर्ण जनुकीय रचना वाचता येते. हा जंतू सावकाश बदलतो. दोन रोग्यांच्या जंतूंत केवळ चार-पाच अक्षरांचा फरक असेल, तर त्यांच्यातील संसर्ग अलीकडचा आहे असा अंदाज बांधता येतो. ज्याप्रमाणे भाटांच्या वहीवरून घराण्याच्या शाखा जुळवतात, त्याप्रमाणे जंतूंची वंशावळ जुळविता येते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई महानगर प्रदेशातील अठराशेहून अधिक नमुन्यांची अशी तपासणी झाली. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये एका विशिष्ट वंशाच्या, परस्परांशी निकटचे नाते असलेल्या जंतूंचे वर्चस्व दिसले आणि एमडीआर नमुन्यांपैकी बहुसंख्य नमुने फ्लुरोक्विनोलोन औषधांनाही दाद देत नव्हते. प्रतिरोध प्रत्येक रोग्याच्या शरीरात नव्याने तयार होत असता, तर असे नाते दिसले नसते. तयार झालेला प्रतिरोधी जंतू माणसाकडून माणसाकडे जात आहे, हाच याचा अर्थ.

अशा शोधाचा उपयोग काय, हे न्यूयॉर्कने दाखविले आहे. त्या शहराने सत्तरच्या दशकात क्षय संपत आला असे मानून निधी व व्यवस्था कमी केली. १९९२ साली तेथे ३,८११ रुग्णांची नोंद झाली आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाने उचल खाल्ली. जंतूंचे ठसे जुळविले तेव्हा असे आढळले की, एकच वाण रुग्णालयांच्या कक्षांतून आणि तुरुंगांतून पसरत होता. त्यानंतर कक्षांतील हवा खेळती करणे, रोग्यांना वेगळे ठेवणे आणि प्रत्येकाला देखरेखीखाली गोळ्या देणे सुरू झाले. दोन वर्षांत रुग्णसंख्या २१ टक्क्यांनी घटली. मात्र वाचविलेल्या निधीच्या बदल्यात शहराला एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च करावा लागला. सार्वजनिक आरोग्यावरील काटकसर किती महाग पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

मुंबईतही माग असाच वास्तूंपर्यंत जातो. गोवंडी-मानखुर्द परिसरातील तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी २०१८ च्या सुमारास झाली. जेथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि खालच्या मजल्यांवर सूर्यप्रकाश पोहोचत नाही, अशा नटवर पारेख व लल्लूभाई या दोन वसाहतींत पाहणीतील दर दहा घरांमागे सुमारे एका घरात क्षयरोगी आढळला. तुलनेने मोकळ्या असलेल्या तिसऱ्या वसाहतीत हे प्रमाण शंभर घरांमागे एका घराच्या आसपास होते. झोपडपट्टीतून पक्क्या घरात गेलेल्या माणसाला घरच रोग देत असेल, तर तेथे केवळ गोळ्यांच्या प्रचाराने काय साधणार?

घाटावरचा हिशेब

आता इगतपुरीकडे वळू. या तालुक्यात पाऊस भरपूर, भातशेती पावसाळ्यापुरती आणि उरलेल्या महिन्यांचा प्रश्न मोठा. त्यामुळे वाड्या-पाड्यांतील कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि हॉटेलांत कामासाठी ठाणे, भिवंडी, मुंबईकडे उतरतात. तेथे एका खोलीत सहा-आठ जणांनी राहायचे, दिवसाला मिळेल ती मजुरी घ्यायची आणि खोकला झाला तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून दोन दिवसांचे औषध घ्यायचे, हा नित्यक्रम. त्या औषधांत पुष्कळदा फ्लुरोक्विनोलोन गटातील गोळीही असते. ती क्षयाला तात्पुरते दडपते आणि निदान लांबविते. अखेर काम झेपेनासे झाले की माणूस गावी परततो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे हे वागणे मुळीच अविचारी नाही. कारखान्यातील विमाधारक कामगाराला क्षय झाला, तर कर्मचारी राज्य विमा योजनेत दीर्घ आजाराच्या तरतुदीखाली दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. रोजंदारीवरील मजुराला अशी कोणतीही हमी नाही. त्याच्या लेखी उपचाराचा पहिला खर्च औषधाचा नसून बुडालेल्या मजुरीचा असतो. शहरात न कमावता राहणे म्हणजे खोलीचे भाडे अंगावर घेणे. गावी निदान छप्पर आणि भाकरी तरी असते. म्हणून तो गाडीत बसतो. त्याचा तोटा त्याच्यापुरता राहिला असता, तर तो खासगी दुःखाचा विषय ठरला असता. परंतु त्याच्या प्रत्येक खोकल्याची किंमत डब्यातील सहप्रवासी, घरातील मुले आणि शाळेतील त्यांचे सोबती यांनी द्यावयाची असते. ज्या व्यवहाराचा तोटा व्यवहाराबाहेरच्या माणसांवर पडतो, तो केवळ बाजारावर किंवा रोग्याच्या सद्‌बुद्धीवर सोपविता येत नाही. तेथे शासनाला पुढे यावेच लागते.

१८९६–९७ च्या प्लेगमध्ये मुंबई सोडणाऱ्या उतारूंची कल्याणला तपासणी होत असे. ताप आणि गाठ दिसली की माणूस ओळखता येई. क्षयाच्या बाबतीत असा उपाय निरुपयोगी आहे. संसर्ग झाल्यावर रोग कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे सुप्त राहतो. स्थानकावर पहारा बसवून तो सापडणार नाही. सापडेल तो नोंदीतून. आणि म्हणूनच नोंद माणसाबरोबर चालली पाहिजे.

ती चालली नाही तर काय होते, हे २०२० सालाने दाखविले. टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावरून कसारा घाट पायी चढणाऱ्या श्रमिकांच्या रांगा साऱ्या देशाने पाहिल्या. त्या वर्षी देशातील क्षयरोग्यांच्या नोंदी आदल्या वर्षीच्या २४.०४ लाखांवरून १८.०५ लाखांवर आल्या. रोग कमी झाला नव्हता. रोगी हिशेबातून निसटले होते. पत्त्याचा प्रश्न किती निष्ठुर होऊ शकतो याचे आणखी एक उदाहरण न्यायालयात गेले. बिहारमधील एका तरुण रुग्ण मुलीला बेडाक्विलीन हे नवे औषध दिल्लीत मिळेना, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर प्रकरण आल्यावर ते देण्याचे मान्य झाले. औषध देशात होते, गरजू रुग्ण देशात होता. आड आला तो पत्ता.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे, औषधाची पहिली चिठ्ठी लिहिण्यापूर्वी प्रतिरोधाची तपासणी झाली पाहिजे. रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो की नाही हे सांगणारे जनुकीय चाचणीचे यंत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१० सालीच मान्य केले असून त्याचा निष्कर्ष दोन तासांत मिळतो. गोव्यात तयार होणारे ‘ट्रूनॅट’ हे लहान यंत्र तर तालुक्याच्या ठिकाणीही चालते. प्रत्येक रोग्याची अशी तपासणी करावी हे शासनाचे जाहीर धोरण आहे. परंतु रिफाम्पिसिनवर तपासणी थांबता कामा नये. मुंबईतील जंतूंची प्रकृती पाहता, तेथून आलेल्या प्रतिरोधी रोग्याची फ्लुरोक्विनोलोनसाठीची तपासणीही तातडीने झाली पाहिजे. एमडीआर रोग्याच्या घरातील माणसांना प्रतिबंधक म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन देण्याची शिफारस २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने केली. हे औषध त्याच गटातील आहे. रोग्याचा जंतू त्या गटाला जुमानत नसेल, तर घरच्यांना दिलेली गोळी व्यर्थ ठरेल. मागाचा उपयोग येथे प्रत्यक्ष चिठ्ठीपर्यंत पोहोचतो.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. ‘निक्षय’मध्ये प्रत्येक रोग्याला क्रमांक मिळतो आणि एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे त्याची नोंद पाठविण्याची सोयही आहे. मात्र नोंद पाठविणे म्हणजे रोगी पोहोचणे नव्हे. रोगी नव्या केंद्रात हजर झाला आणि त्याला औषध मिळाले, याची पोच येईपर्यंत पहिल्या केंद्राची जबाबदारी संपता कामा नये. टपालखात्यात नोंदणीकृत पाकिटाला जी पोच मिळते, तीच माणसाला नाकारण्याचे कारण नाही. मोसमी स्थलांतर करणाऱ्या तालुक्यांत दिवाळीनंतर जाताना आणि पावसाळ्याआधी परतताना खोकल्याची विचारपूस झाली, तर आशा कार्यकर्तीच्या एका फेरीत बरेच काही साधेल.

तिसरी गोष्ट पैशाची. रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० करण्यात आले. याचे स्वागत केले पाहिजे. झारखंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या घरातील माणसांना पुरेसे धान्य व डाळ दिल्यास त्यांच्यातील नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असे त्यातून दिसले. अन्न हे येथे दानधर्म नसून प्रतिबंधक औषध आहे. तथापि हजार रुपये म्हणजे बुडालेली मजुरी नव्हे. असंघटित मजुराला निदान संसर्गजन्य अवस्थेपुरती वेतनभरपाई दिली, तर तो उपचाराच्या ठिकाणी राहू शकेल; आणि हा खर्च प्रतिरोधी क्षयाच्या उपचाराहून खचित कमी असेल.

चौथी गोष्ट पुरवठ्याची. रोग्याने एक दिवसही गोळी चुकवू नये असा आग्रह धरणाऱ्या शासनाने स्वतःही ती चुकवू नये. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राला राज्यांना स्थानिक बाजारातून खरेदी करण्यास सांगावे लागले. अशा वेळी औषध सोडल्याचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा?

माग काढणे म्हणजे पाळत ठेवणे नव्हे, हेही स्पष्ट असले पाहिजे. क्षयाची वाच्यता झाली तर खोली जाईल, काम जाईल, मुलीचे लग्न मोडेल, ही भीती आजही खरी आहे. नोंदीमुळे रोग्याला औषध, अन्न आणि मजुरी मिळते असा अनुभव आला, तर तो स्वतःहून पत्ता देईल. नोंदीमुळे फक्त बदनामी मिळाली, तर तो खोटा पत्ता देईल. मग कितीही महागडी जनुकीय तपासणी केली तरी तिचे धागे जुळणार नाहीत.

२०२५ पर्यंत देशातून क्षय हटविण्याचा संकल्प २०१८ साली जाहीर झाला होता. २०१५ साली लाख लोकसंख्येमागे २३७ असलेले नव्या रोग्यांचे प्रमाण २०२४ पर्यंत १८७ वर आले. ही घट सुमारे २१ टक्क्यांची आहे आणि जगाच्या सरासरीपेक्षा ती चांगली आहे. पण उद्दिष्ट ८० टक्क्यांचे होते. दरम्यान, पूर्वी वीस महिन्यांपर्यंत चालणारा प्रतिरोधी क्षयाचा उपचार सहा महिन्यांत आणणाऱ्या चार औषधांच्या नव्या योजनेला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. बेडाक्विलीन हा तिचा कणा आहे. औषधाची परिणामकारकता ही गावाच्या गायरानासारखी सामाईक संपत्ती असते. प्रत्येकाने बेबंद चराई केली की ती उजाड होते. स्ट्रेप्टोमायसिनपासून फ्लुरोक्विनोलोनपर्यंत अनेक गायराने अशीच उजाड झाली. उरलेले राखावयाचे असेल, तर मुंबईच्या प्रयोगशाळेत वाचलेली जंतूची वंशावळ इगतपुरीच्या दवाखान्यातील डॉक्टरच्या टेबलावर वेळेवर पोहोचली पाहिजे. गाडीला घाट चढण्यासाठी जादा इंजिने लावण्याची तजवीज दीडशे वर्षांपूर्वी करता आली. रोग्याची नोंद त्याच्याबरोबर घाटावर नेण्याची तजवीज आज अशक्य मानता येणार नाही.